मोटरसायकलची पुढची डिस्क बदलावी की लेथवर घासून घ्यावी, आणि घाटात ब्रेक कसा लावावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: १५० सीसीची, पुढे डिस्क आणि सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक लावल्यावर एका चाकाला जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली मोटरसायकल, दर आठवड्याला ताम्हिणी घाटातून पुणे ते माणगाव असा जोडीने प्रवास, गेल्या काही आठवड्यांपासून पुढचा ब्रेक हलका दाबला तरी लिव्हर बोटांखाली थरथरतो, मेकॅनिकने ‘डिस्क प्लेट आउट आहे, बदलून टाका’ असे सांगितले आहे, आणि ती लेथवर घासून चालेल का, हे तुम्हाला हवे आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. लेथवर घासू नका. डिस्क कदाचित बदलावी लागेल, पण मोजल्याशिवाय बदलू नका. आणि घाट उतरण्याची तुम्ही लिहिलेली पद्धत, म्हणजे उतार संपेपर्यंत ब्रेक हलकासा दाबून ठेवणे, तशीच राहिली तर नवी डिस्कही याच वाटेने जाईल.

थरथर एबीएसची नाही, हे तुमच्या वर्णनावरूनच कळते. एबीएसचे ठोके जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा निसरड्यावर चाक अडखळू लागले की जाणवतात. हलक्या दाबाला, चाकाच्या फेऱ्यांच्या तालात येणारी थरथर डिस्कचीच असते. मात्र ‘आउट’ या एका शब्दात गॅरेजमध्ये दोन वेगळे दोष मोडतात. एक म्हणजे डिस्क खरोखर वाकडी होणे, आणि दुसरा म्हणजे तिची जाडी सगळीकडे सारखी न राहणे. अनेकदा दुसराच दोष निघतो. तापलेले पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे तुकडे) डिस्कच्या एकाच जागी दाबून धरले, उदाहरणार्थ उतार संपल्यावर ब्रेक आवळून गाडी उभी केली, तर पॅडचा थर तिथे चिकटतो आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका फरकही लिव्हरमध्ये जाणवू लागतो. थर पातळ असेल तर बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोलाकार घासून, ब्रेक क्लीनरने पुसून पाहावे. बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागते.

जाडी मोजताना व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) वापरणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, नखाला अडकणारा एक काठ उरतो. व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि झिजलेली डिस्कही धडधाकट दिसते. मायक्रोमीटरने, काठाच्या आत, सहा ते आठ ठिकाणी मोजावे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांची डिस्क नवी असताना ४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि मर्यादा ३.५ मिलिमीटर असते, म्हणजे झिजायला जेमतेम अर्धा मिलिमीटर मिळतो. लेथवर घासण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच. मोटारीच्या जाड डिस्कला जे परवडते ते इथे परवडत नाही. वाकडेपणासाठी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावून चाक हाताने फिरवावे. मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, आणि ती बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते.

डिस्क काढण्याआधी पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवून पाहा. पिस्टनकडचा पॅड संपलेला आणि समोरचा जवळपास नवा असेल, तर कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहिला आहे. पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. हे न करता बसवलेली नवी डिस्क म्हणजे फुकट घातलेले पैसे.

बदलायचीच ठरली, तर डिस्कबरोबर पॅडही नवे घ्या, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे झिजलेले असतात. डिस्कचे ॲलन बोल्ट लॉकिंग गोंद लावून आवळलेले असतात; गोंद गरम हवेने सैल करून घेतला नाही तर बोल्टचे डोके गोल होते आणि मग छिन्नी-हातोडी निघते. हबवरचा गंज आणि जुन्या गोंदाचे कण पूर्ण खरवडून काढावेत, कारण त्या बैठकीवरचा एक कणही सरळ डिस्कला तिरकी बसवतो. डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा, बोल्ट नवे वापरावेत आणि समोरासमोरचे क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळावेत. एबीएसची दातेरी रिंग आणि सेन्सर यांना धक्का लागू देऊ नका. चाक बाहेर असताना कोणीही लिव्हर दाबू नये, म्हणून दोन पॅडच्या मध्ये लाकडाची पातळ पट्टी सरकवून ठेवावी. सगळे बसल्यावर, गाडी हलवण्याआधी, लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही.

नव्या डिस्क-पॅडच्या जोडीला पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यावा, आणि मधे डिस्क गार होऊ द्यावी. असे वीसेक वेळा केले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना बसतात. (वॉशिंग सेंटरवर चकाकीसाठी डिझेल किंवा पॉलिशचा फवारा मारतात, तो डिस्कवर उडू देऊ नका. तेल प्यायलेले पॅड पुन्हा नीट होत नाहीत.)

आता घाट. गाडी आणि दोन माणसे मिळून वजन २८० किलो धरले आणि उताराची उभी उंची ५०० मीटर धरली, तर खाली येईपर्यंत जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती ताशी ६० वरून पूर्ण थांबण्याच्या साधारण ३५ पट असते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर त्यातला मोठा वाटा थेट डिस्कमध्ये उष्णता होऊन साचतो आणि तिला गार व्हायला क्षणभरही मिळत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि वेग इंजिनला धरू द्यावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचे पाहून तसे करू नका. वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा. पुढचा ब्रेक आधी हलका आणि लगेच वाढत जाणाऱ्या दाबाने लावावा; भार पुढच्या चाकावर येण्याआधीच झटका दिला तर टायरला पकड मिळत नाही. तुमचे एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागचा पेडल जपून दाबावा. ताम्हिणीच्या पावसात डिस्कवर पाण्याचा थर बसतो आणि पहिला दाब उशिरा लागतो, म्हणून वळणाच्या थोडे आधी ब्रेक नुसता टेकवून तो थर पुसून घ्यावा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शिरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. लांब उतारावर लिव्हर अचानक मुठीपर्यंत येऊ लागला तर ऑइल उकळून नळीत वाफ झाली आहे असे समजावे. गिअर खाली टाकून, मागच्या ब्रेकच्या मदतीने गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि डिस्क आपोआप गार होऊ द्यावी, तिच्यावर पाणी ओतू नये. गार झाल्यावर लिव्हर पुन्हा घट्ट लागतो आणि बहुतेक जण तेवढ्यावरच विसरून जातात. ते ऑइल मात्र पुढच्या फेरीआधी बदलून, एअर काढून घ्यावे.