कापलेली नळी, लाल नऊ

प्रश्न : एकवीस वर्षं शोधत होतो ते माउझर सी ९६ पिस्तूल गेल्या महिन्यात एकदाचं माझ्या परवान्यावर चढलं. लाकडी मुठीवर लाल ९ कोरलेलं, अगदी तेच हवं होतं. पण घरी आणून माप घेतलं तर नळी ९९ मिमी! पुस्तकांत १४० दिलेली आहे. बॅकसाइटही (नेम धरायची मागची खूण) वरखाली होणारी नाही, एका जागी पक्की. ब्लूइंग, म्हणजे धातूवरचा निळसर-काळा थर, बरंचसं उडालंय, धातू तपकिरी पडलाय. विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एक कारागीर म्हणतो, नळी मूळ लांबीची करून देतो आणि ब्लूइंगही नव्यासारखं करतो. करून घेऊ का? खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी हाती आलं आणि आता कपाट उघडून बघावंसं वाटत नाही. – एक वाचक

उत्तर : त्या कारागिराला आधी नाही म्हणून कळवा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

तुमचं पत्र वाचताना ९९ या आकड्यावर मी थबकले. कुणी हौसेनं किंवा अडाणीपणानं नळी कापली असती तर ती नेमकी ९९ वर कशाला थांबली असती? पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या व्हर्सायच्या तहापाठोपाठ, जर्मनीत पिस्तुलांच्या नळीवर साधारण १०० मिमीची मर्यादा आली. लोकांकडे असलेली हजारो पिस्तुलं त्या मर्यादेत बसवण्यासाठी कापली गेली. फोरसाइट (नळीच्या टोकाशी असलेली नेमाची खूण) काढून नव्या टोकाशी दुसरी बसवली आणि लांब पल्ल्याची बॅकसाइट छाटून स्थिर केली. संग्राहक या पिस्तुलांना ‘१९२० रीवर्क’ म्हणतात, आणि काहींवर १९२० असा ठसाही सापडतो. तुम्ही जी खूण दोष म्हणून लिहिली आहे, ती मला त्या पिस्तुलाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना वाटते. ते आधी खंदकात असेल, मग तहात सापडलं, आणि तरी टिकलं.

माझं स्वतःचं सी ९६ मला वयाच्या ५८ व्या वर्षी मिळालं. पहिल्यांदा चित्रात पाहिलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. चापाच्या पुढे पेटीसारखं मॅगझिन, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ. असं पिस्तूल मी कधी पाहिलंच नव्हतं. पुढे कळलं की माउझरच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात फीडर्ले बंधूंनी ते घडवलं, पेटंट मात्र मालकाच्या नावाने झालं. आतले भाग लाकडी कोड्यासारखे एकमेकांत अडकतात, आणि अख्ख्या पिस्तुलात स्क्रू एकच, मुठीचा. तो स्क्रू पहिल्यांदा सोडवला तेव्हा माझे हात थरथरत होते. मुठीच्या आतल्या बाजूला लाकडावर क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसले, फ्रेमशी जुळणारे, आणि मी तशीच खाली बसले. बोल्टवरचा, म्हणजे काडतुसामागे मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावरचा, क्रमांक मात्र जुळत नव्हता. तो घासून दुसरा उठवून देतो, असं मलाही एकाने सुचवलं होतं. तो बोल्ट अजून तसाच आहे, आणि माझ्या नोंदवहीत ‘बोल्ट वेगळ्या पिस्तुलाचा’ असं लिहून ठेवलं आहे.

नकार द्यायचं शहाणपण मी किंमत मोजून शिकले. त्याआधी माझ्याकडे एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं, ते मी एका कारागिराकडे ब्लूइंगला दिलं. परत आलं ते आरशासारखं चकाकत. पण पॉलिशच्या चाकाखाली सगळ्या कडा गोल झाल्या होत्या, क्रमांकातला ३ आणि ८ ओळखू येईना, आणि तपासणीचा एवढासा ठसा एका बाजूने पुसला गेला होता. गेलेलं ब्लूइंग पुन्हा चढवता येतं. गेलेला धातू कुणीच परत आणत नाही. त्याचं दुःख मला आजही आहे.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. सी ९६ ची नळी आणि बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो भाग, हे दोन्ही एकाच घडीव तुकड्यातून काढलेले असतात. जुनी नळी फिरवून काढली आणि नवी बसवली, असं तिथे होत नाही. ‘मूळ लांबी’ म्हणजे जोड आणि भर. खरं रीवर्क मोडून खोटं पूर्ण पिस्तूल तयार होईल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, तिच्याकडे या. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. सी ९६ मूळचं ७.६३ मिमीच्या काडतुसाचं. १९१६ मध्ये जर्मन सैन्याने ९ मिमी पॅराबेलम या काडतुसासाठी दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली, आणि दोन काडतुसांची गल्लत होऊ नये म्हणून मुठीवर ९ कोरून लाल रंग भरला गेला. पण युद्धानंतर नागरिकांना सैनिकी कॅलिबरची (गोळीच्या मापाची) शस्त्रं बाळगायला बंदी आली, म्हणून रीवर्कपैकी कितीतरी पिस्तुलं ७.६३ किंवा ७.६५ मिमीची केली गेली. पोलिसांकडे गेलेली ९ मिमीचीच राहिली. शिवाय मुठी बदलता येतात, आणि लाल ९ कोरलेल्या नव्या मुठीही मिळतात. तेव्हा तुमच्या मुठीवर काय लिहिलं आहे यावरून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीत, काय बसतं ते ठरत नाही.

जाणत्या शस्त्र-कारागिराकडून चेंबरचा साचा घ्या. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततात, थंड झाला की मापं मिळतात. काडतुसाच्या कवचाची मिलिमीटरमधली लांबी नावातच असते, गुणिलेच्या खुणेनंतर : ७.६३×२५, ९×१९, ७.६५×२१. परवान्यावर कॅलिबर नोंदलेलं असेल तर ते साच्याशी पडताळून घ्या, आणि फरक निघाला तर स्वतःहून कळवून दुरुस्त करून घ्या. तोवर एकही काडतूस जवळ आणू नका. माझं मत विचाराल तर त्यानंतरही चालवू नका. शंभर वर्षांच्या स्प्रिंगा आणि कुणी कशी कापली ते माहीत नसलेली नळी, यांची परीक्षा कशासाठी पाहायची?

देखभाल थोडकीच. सुती कापड, हलकं तेल, कोरडी जागा. लोखंडी काथ्या आणि सँडपेपर नको. तपकिरी थर गुळगुळीत असेल तर राहू द्या. बोटाला खरखरीत, लालसर लागत असेल तर तो जिवंत गंज. तेल लावून एक रात्र ठेवा आणि पितळी पट्टीने अलगद उचला. पिस्तूल चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं. लाकडी म्यान मिळालं आणि ते मागे जोडून खांद्याला लावायचा मोह झाला, तर आधी तुमच्याकडचा कायदा वाचा. काही देशांत तेवढ्यानेच शस्त्राचा वर्ग बदलतो.

विकणाऱ्याने नळीबद्दल सांगायला हवं होतं, तुमचा राग रास्त आहे. त्याच्याकडून जुनी कागदपत्रं आणि आधीच्या मालकांची माहिती तेवढी मागून घ्या. ती नंतर मिळत नाही.

आज रात्री कपाट उघडा. शस्त्र रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी पाहा. मग मॅगझिनच्या पुढच्या उभ्या अंगावर तिरका उजेड टाका. पंख पसरलेल्या गरुडाचा ठसा दिसला, तर ते सैन्याच्या त्या दीड लाखांच्या मागणीतलं असण्याची शक्यता भक्कम आहे. मग फोरसाइटच्या बुडाशी जोडाची बारीक रेघ शोधा. दोन्हींचे फोटो आणि साच्याची मापं मला पाठवा, मी वाट पाहते आहे.