खेड्यात अपघाताने गेलेल्या आजोबांचा कोरोनर रिपोर्ट विदर्भात कुठे मिळेल? वंशावळ लिहितोय

भाऊ, विदर्भात कोरोनर शोधत बसू नका. अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी करणारं ते पद मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांपुरतं होतं, मुंबईतलंही 1999 मध्ये बंद झालं. आपल्याकडे कोणी विहिरीत गेलं, साप चावला, वीज पडली की पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो, मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो आणि पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो. इंग्रजांच्या काळापासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194. तुमच्या कामाचा कागद तो.

माझ्या आजोबांचा मी काढला, म्हणून लिहितोय. गाव दारव्ह्याकडचं. 1957 साली आजोबा मोटेच्या विहिरीत गेले. घरात एकच गोष्ट चालत आली, दारू पिऊन पडला. आजीने कुठेही तोंड उघडलं की तिला हेच ऐकवायचे. माझ्या बापाची सोयरीक जुळवतानाही "दारुड्याचं घर" निघालंच.

पंचनाम्यात काय आहे? नाडा, म्हणजे मोटेचा दोर, मधेच तुटलेला, त्याचा हातभर तुकडा प्रेताच्या उजव्या मुठीत, धावेवर (मोट ओढताना बैल चालतात त्या उतारावर) बैलांच्या मानेवर जू तसंच. दारूचा शब्द नाही. ओलीत करता करता गेलेला माणूस! खाली पंचांचे अंगठे आणि प्रेत ओळखणारा म्हणून आजोबांच्या थोरल्या भावाची सही. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचाच मुलगा, आमचे मोठे काका, मला म्हणाले, "कायले मढी उकरतं रे? पोलिसाईचे कागद खोटेच रायतात."

मला हे बिलकूल मान्य नाही. त्याच दिवशी विहिरीच्या काठावर लिहिलेला कागद आणि दर दिवाळीला फुगत गेलेली गोष्ट, यात मी कागदच धरीन.

आधी तारीख पक्की करा. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मागा. जात पडताळणीमुळे तिथल्या बाबूंना ते नवं नाही. आडनाव बहुधा नसतं, "अमुक वल्द तमुक" (तमुकचा मुलगा अमुक) बघा. वयावर विसंबू नका, ते अंदाजाने लिहिलेलं असतं. तारखेवरून ठाण्यात मर्ग नंबर. तिथे नसेल तर उपविभागीय कार्यालयात आणि तहसीलमध्ये नकलेचा अर्ज टाका, कारण हे अहवाल दंडाधिकाऱ्याकडे जायचे. मला तहसीलमध्येच मिळाला.

हां, पंच कधीकधी न वाचताही सही करतात, आणि आत्महत्या "पाय घसरून" म्हणूनही लिहिली जाते. शवविच्छेदनाचा अहवाल मिळाला तर ताडून बघा. पुष्कळ ठाण्यांतले जुने मर्ग नष्टही झालेत.

आणि घरचं कोणी मढी उकरू नको म्हणालं, तर त्या मृत्यूनंतरचे फेरफारही (जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी) काढा. आमच्या आजोबांच्या वावरावर आजीचं नाव कधी चढलंच नाही.