पोर्तुगीजमधलं व्याकरणातलं लिंग समाजातल्या स्त्री-पुरुष भूमिकांवरून ठरतं का?

वस्तूंपुरतं विचारत असाल तर नाही. टेबल (मेझा) स्त्रीलिंगी, पुस्तक (लिव्रु) पुल्लिंगी हे लॅटिनपासून चालत आलंय, त्यात टेबलाचा बायकीपणा शोधू नये. 'पेसोआ' म्हणजे व्यक्ती, आणि आपल्या 'व्यक्ती'सारखीच ती पुरुषाबद्दल बोलतानाही स्त्रीलिंगी राहते.

समाज घुसतो तो माणसांच्या अनेकवचनात. मिश्र घोळक्याला पुल्लिंगी रूप वापरायचं, हा नियम. मग कायद्यात असं रूप आलं की त्यात बायका धरायच्या की नाही? १९११ साली पोर्तुगालच्या निवडणूक कायद्यात मताचा हक्क २१ वर्षांवरच्या, साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या 'नागरिकां'ना होता. शब्द अर्थात पुल्लिंगी. कारोलिना बेआत्रीझ आंजेलू डॉक्टर होत्या, विधवा होत्या, घर त्याच चालवत होत्या. त्या कोर्टात गेल्या, न्यायाधीशांनी या अनेकवचनात स्त्रियाही येतात असं मानलं, आणि २८ मे रोजी त्यांनी मत दिलं. १९१३ च्या कायद्यात मग मतदार पुरुषच असावा असं स्पष्ट लिहून टाकलं.

ब्राझीलमध्ये उलटा निकाल लागला. १९३० साली अमेलिया बेव्हिलाकुआ यांनी तिथल्या साहित्य अकादमीसाठी अर्ज केला. नियमात 'ब्राझिलियन' असं पुल्लिंगी अनेकवचन होतं. अकादमीने त्याचा अर्थ फक्त पुरुष असा लावला. पहिली स्त्री, राकेल द केइरोझ, निवडून आली ती १९७७ मध्ये. व्याकरण दोन्हीकडे एकच, हे लक्षात घ्या.

पदनामांत तर भूमिका सरळ दिसतात. 'एंबायशात्रीझ' ही राजदूताची बायको; बाई स्वतः राजदूत झाली तर 'एंबायशादोरा'. २०११ मध्ये दिल्मा रूसेफ ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि नेहमीच्या 'प्रेझिदेंत'ऐवजी 'प्रेझिदेंता' म्हणा असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली: असे शब्द दोन्ही लिंगांना सारखेच असतात, 'आ' कशाला लावायचा? मला हा आक्षेप लटका वाटतो. शब्द जुन्या शब्दकोशांत होता. शिवाय 'गोव्हेरनांत' म्हणजे राज्यकर्ता, त्याला 'आ' लावून झालेली 'गोव्हेरनांता' म्हणजे दुसऱ्याचं घर सांभाळणारी नोकरदार बाई. हा 'आ' कुणाला खटकत नाही. सरकारी पदांवरच्या स्त्रियांसाठी स्त्रीलिंगी रूप वापरावं असा कायदा ब्राझीलमध्ये १९५६ पासूनच आहे. २०१२ मध्ये पदवी प्रमाणपत्रांसाठीही तसा कायदा झाला.