ओकच्या खोडावरचे लोकरी ठिपके

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहतो. घरामागे ओकचं रान आहे. गेल्या जूनमध्ये स्पंजी मॉथ या पतंगाच्या सुरवंटांनी झाडांचे पार खराटे केले. अंगणात लेंड्यांचा सडा, नातवाच्या हातावर पुरळ. आता जानेवारीत खोडांवर फिकट तपकिरी, लोकरीसारखे ठिपके दिसतात. फवारणीवाला म्हणतो, आत्ताच बीटी मारून घ्या. घ्यावं का? मार्चमध्ये अंगणातल्या खुर्च्या मुलीकडे मिनेसोटाला पाठवायच्या आहेत.

उत्तर : पैसे खिशातच ठेवा. बीटी हा जिवाणू सुरवंटाच्या पोटात जावा लागतो. आत्ता झाडावर पान नाही, खाणारं तोंड नाही. फवारा मारणार कुणावर? त्याची वेळ मेमध्ये, ओकची पानं उलगडत असताना आणि सुरवंट अगदी बारीक असताना.

ते ठिपके म्हणजे अंड्यांचे पुंजके. एकेकात ५०० ते १००० अंडी. हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून जुन्या उलथण्यानं खरवडा आणि साबणाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा. मी पहिल्या वर्षी खरवडून तिथंच खाली टाकली होती. बर्फाखाली ती आरामात जगली, आणि एप्रिलअखेर पिल्लं माझ्याच झाडावर चढली!

जूनमध्ये खोडाला गोणपाटाचा पट्टा मध्ये सुतळीनं बांधून वरचा भाग खाली दुमडा. मोठे सुरवंट दिवसा सावलीला तिथं दडतात. रोज दुपारी उचलून साबणपाण्यात टाका. हात उघडे नकोत, पुरळ त्यांच्या केसांनीच उठतं.

सगळं रान खरवडणं कुणाच्याच हातात नाही. तिथलं काम रोग करतात. १९८९ मध्ये कनेटिकटात या सुरवंटांवर एक जपानी बुरशी सापडली. मे-जून ओले गेले की ती त्यांचा फडशा पाडते, कोरडे गेले की सुरवंट माजतात. डोकं खाली करून सरळ लोंबणारा मेलेला सुरवंट दिसला तर समजा बुरशी; मधे दुमडून चिमट्यासारखा लटकलेला असला तर विषाणू. असे खूप दिसले तर फवारणीचा विचार सोडा. निरोगी ओक एकदा ओरबाडला गेला तरी जुलैत पुन्हा पालवतो. उन्हाळा कोरडा असेल तर पाणी द्या. हेमलॉक हा सूचीपर्णी वृक्ष असेल तर मात्र आधी तो सांभाळा. पूर्ण बोडका झाला की सहसा मरतोच.

परदेशी मित्रकीटक सोडा, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. १९०६ पासून युरोपातली एक माशी यासाठीच आणून सोडली. तिनं इथल्या सेक्रोपियासारख्या देखण्या रेशीमपतंगांचाही घास घेतला. मूळ उपद्रवही रेशमाच्याच नादातला. तुमच्यापासून तासाभरावरच्या मेडफर्डमध्ये त्रूवेलो नावाच्या फ्रेंच गृहस्थानं प्रयोगासाठी हे किडे युरोपातून आणले आणि १८६९ च्या सुमारास ते निसटले.

आता खुर्च्या. या जातीच्या माद्यांना उडता येत नाही. त्यांची अंडी लांब जातात ती माणसांच्या सामानातून. मॅसॅच्युसेट्स या किडीसाठीच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंदी-क्षेत्रात, असल्यानं असं सामान तपासूनच बाहेर न्यावं लागतं. खुर्च्या उलट्या करा, पायांच्या पोकळ्या, सांधे टॉर्चनं बघा. गाडीच्या चाकांवरचे कोनाडेही. सरपण तर नेऊच नका, मिनेसोटात लाकूड मिळतं.