लेंडी खाणारा गिनीपिग आजारी नसतो

प्रश्न: आमचा गिनीपिग मान वळवून स्वतःचीच विष्ठा खातो. पोट भरत नाही, की काही आजार आहे?

उत्तर: दोन्ही नाही. त्याला तसे करू दिले नाही, तर मात्र अडचण. गवत-पाल्यात प्रथिने थोडी, त्यातलीही बरीच पेशींच्या चिवट भिंतींआड अडकलेली. त्या भिंती कुजवण्याचे काम अंधांत्रातले जिवाणू करतात. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते तिथली ही पिशवी. माणसात जेमतेम बोटभर, गिनीपिगच्या पोटात मात्र सर्वांत मोठी. जिवाणू तिथे वाढतात आणि मिळेल त्या नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिने बनवतात. गंमत पुढेच आहे. प्रथिने पचवून अमिनो आम्ले शोषणारे लहान आतडे अंधांत्राच्या आधी येते. म्हणजे वरातीमागून घोडे! तयार झालेला ऐवज वाया घालवायचा नसेल, तर तो पुन्हा तोंडातूनच आत जायला हवा. म्हणून अंधांत्रातून आलेली मऊ, प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे असलेली विष्ठा तो थेट गुदद्वाराशीच तोंडाने उचलतो. उंदीरही हेच करतात. पिंजऱ्याला जाळीचा तळ लावला तरी ते थांबत नाही, कारण लेंडी खाली पडतच नाही. क जीवनसत्त्व मात्र यातून भागत नाही, ते गिनीपिगला खाण्यातूनच द्यावे लागते.

प्रश्न: मग गाय असले काही का करत नाही?

उत्तर: तिची आंबवण्याची टाकी आतड्याच्या आधी आहे. जिवाणू पुढे वाहत जातात आणि आपसूक पचतात. हॅमस्टरच्या जठरालाही पुढे एक जिवाणूंचा कप्पा असतो. तरी त्याला मोठे अंधांत्र असतेच, आणि तोही विष्ठा खातो.

प्रश्न: इतक्या छोट्या पोटातून अन्न भराभर पुढे सरकते. जिवाणू धुऊन जात नाहीत का?

उत्तर: प्रश्न नेमका आहे. प्राणी जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने ऊर्जेची गरज मोठी. त्यामुळे चोथा लवकर बाहेर टाकणे भाग असते. व्होल, लेमिंग (दोन्ही उंदरासारखे, गवत खाणारे छोटे प्राणी) आणि गिनीपिग यांच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक खाच असते. तिथल्या चिकट श्लेष्मात जिवाणू अडकतात आणि उलट्या दिशेने अंधांत्रात परत ढकलले जातात. तंतुमय चोथा तेवढा पुढे जातो. चाळणीच म्हणा, फक्त उलटी: बारीक तेच मागे राहते.

प्रश्न: शीतनिद्रेत महिनोन्‌महिने उपाशी राहून खारीचे स्नायू टिकतात कसे?

उत्तर: काही अंशी युरियामुळे. प्रथिने मोडली की यकृत उरलेल्या नायट्रोजनचा युरिया करते. तो तोडणारे युरिएज हे विकर सस्तन प्राण्यांकडे नाही, आतड्यातल्या जिवाणूंकडे आहे. रक्तातून आतड्यात झिरपलेला युरिया ते फोडतात आणि मोकळा झालेला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांत जाऊ शकतो. उत्तर अमेरिकेतल्या तेरा पट्ट्यांच्या भूखारीत हे 2022 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी नायट्रोजनचा माग काढता यावा म्हणून खूण केलेला युरिया टोचून दाखवले: तो नायट्रोजन खारीच्या ऊतींत सापडला. प्रतिजैविके देऊन जिवाणू कमी केलेल्या खारींत तो बराच कमी होता.

प्रश्न: मग जास्त प्रथिने खाऊ घातली तर?

उत्तर: गरजेपुरतीच कामी येतात. जादा नायट्रोजन बहुतांशी युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि पिंजऱ्याला अमोनियाचा वास येतो.