निवृत्तीला पाच महिने उरले असताना जादा वेतनाची वसुली निघाली, तर?

प्रश्न: मी जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक असून १९९१ मध्ये सेवेत लागलो. पाच महिन्यांनी नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहे. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं तेव्हा आक्षेप निघाला. बारा वर्षांच्या सेवेनंतर २००३ मध्ये मला आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न होताही वरच्या पदाची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा) लाभ मिळाला होता, पण विभागीय परीक्षा मी २००६ मध्ये उत्तीर्ण झालो, म्हणून लाभ तेव्हापासूनच देय होता, असं पथक म्हणतं. २००३ पासूनचं ४ लाख १२ हजार रुपये जादा वेतन उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळतं करणार असं पत्र आलं आहे. संमतीचं हमीपत्र दिल्याशिवाय पेन्शन प्रकरण महालेखापालांकडे पाठवणार नाही, असं कार्यालय सांगतं. पत्नीला मधुमेह आहे. उपदानातून तिचा आरोग्य विमा उतरवायचा बेत होता. आता काय करावं?

उत्तर: नमस्कार. सर्वांत आधी एक विनंती: त्या हमीपत्रावर सही करू नका. केलीच असेल तर ज्या तारखेला केली ती लिहून ठेवा आणि आजच कार्यालयाला कळवा, की पेन्शन अडवण्याच्या भीतीपोटी सही केली, ती स्वखुशीची संमती नाही.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकात मिसळली आहेत आणि कार्यालयालाही ती मिसळलेलीच सोयीची पडतात. एक भांडण वसुलीचं: आजवर हातात पडलेले पैसे परत घेता येतात का? दुसरं वेतननिश्चितीचं: तुमचं वेतन खरोखर चुकीचं ठरलं होतं का? पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे. दुसरं भांडण कागदांवर अवलंबून आहे, आणि तेच जास्त महागात पडू शकतं.

वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ हा निकाल तुमच्यासाठी आधाराचा आहे. कोणाकडून जादा वेतन वसूल करता येणार नाही याची पाच उदाहरणं त्यात दिली आहेत. वर्ग तीन आणि चारचे (म्हणजे आपल्याकडचे गट क आणि ड) कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेली प्रकरणं. वरच्या पदाचं काम चुकीनं करून घेतलं आणि त्याचं वेतन दिलं अशी प्रकरणं. आणि वसुली अन्यायकारक किंवा जाचक ठरेल अशी इतर प्रकरणं. पहिल्या तिन्हींत तुम्ही बसता. २०२२ च्या ‘थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य’ या निकालातही न्यायालयानं हेच सूत्र पाळलं: कर्मचाऱ्यानं फसवणूक केली नाही, खोटी माहिती दिली नाही आणि चूक प्रशासनाकडून झाली, तर वसुली नको. परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद आहे की नाही, हे २००३ मध्ये तुमच्या सेवापुस्तकात पाहता येत होतं. ते न पाहता लाभ मंजूर केला कार्यालयानं.

मग हमीपत्राचा एवढा आग्रह का? कारण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग’ या प्रकरणात सांगितलं, की वेतन सुधारणेच्या वेळी ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असं लिहून दिलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीचं कारण पुढे करता येणार नाही. तो अधिकारी न्यायिक सेवेतला होता, गट क मधला नव्हता. तरी सरकारी वकील प्रत्येक प्रकरणात हा निकाल पुढे करतात, आणि वेतन सुधारणेच्या वेळी दिलेल्या हमीपत्रांवरून गट क च्या विरोधातही आदेश झाले आहेत. निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शन अडवून घेतलेल्या हमीपत्राला मात्र तसं वजन नसतं. नसतं, पण एकदा कागद फाइलला लागला की त्याचं ओझं तुम्हालाच वागवावं लागतं.

म्हणून जुनी हमीपत्रं शोधा. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी (सुधारित वेतन नियम २००९) आणि सातव्याच्या वेळी (नियम २०१९) विकल्पासोबत (नवी वेतनश्रेणी कधीपासून घ्यायची ते कळवणाऱ्या अर्जासोबत) बहुतेकांनी हमीपत्र भरलं होतं. त्यातले शब्द नीट वाचा. ‘या नियमांनुसार केलेल्या वेतननिश्चितीत चूक आढळल्यास’ असा मजकूर असेल, तर तुमची बाजू अशी: मूळ चूक, असलीच तर, २००३ च्या आश्वासित प्रगतीच्या मंजुरीत आहे. ती वेतन आयोगामुळे झालेली वेतननिश्चिती नव्हती आणि तेव्हा हमीपत्रही नव्हतं. नंतरचं हमीपत्र त्या मंजुरीला लागू होत नाही. हा मुद्दा अर्जात पहिल्यापासून यायला हवा. पुढे सुचला तर उसना वाटतो.

आता दुसरं भांडण. वसुली थांबली म्हणजे वेतन सुरक्षित झालं, असं नाही. रफिक मसीह निकाल फक्त दिलेले पैसे परत घेण्यापासून वाचवतो. वेतन दुरुस्त करून त्यावर निवृत्तिवेतन काढायला तो आडवा येत नाही. अनेकजण वसुलीवर स्थगिती मिळाली की समाधान मानतात आणि खाली आणलेल्या वेतनावर पेन्शन सुरू झाल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही. हिशेब करून पाहा. मूळ वेतन १,८०० रुपयांनी घटलं, तर निवृत्तिवेतन महिन्याला ९०० रुपयांनी घटतं. त्यावरचा महागाई भत्ता, अंशराशीकरणाची रक्कम (पेन्शनच्या काही भागाऐवजी एकदम मिळणारी), उपदान आणि पुढे पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळंच घटतं, आणि तेही आयुष्यभरासाठी.

त्यामुळे पथकाचा आक्षेप मुळातून तपासा. तुमच्या संवर्गात पुढच्या पदावरील पदोन्नतीसाठी २००३ मध्ये ती परीक्षा सक्तीची होती का, हे सेवाप्रवेश नियमांत पाहा. परीक्षा दिल्याची तारीख, निकालाची तारीख आणि सेवापुस्तकातल्या नोंदीची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पथक बहुधा नोंद बघतं, आणि नोंद महिनोन् महिने उशिरा झालेली असू शकते. परीक्षेतून सूट मिळालेली असेल तर तो आदेश शोधा. लाभाची तारीख २००६ धरली तरी तिथून पुढच्या वेतनवाढी आणि दोन्ही आयोगांची वेतननिश्चिती नव्यानं करावी लागते. त्यात २००३ चा फरक जसाच्या तसा आजपर्यंत ओढला असेल तर ४ लाख १२ हजार हा आकडाच टिकणार नाही. महिनावार तक्ता मागा: दिलेलं वेतन, देय वेतन, फरक, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. तक्त्याशिवाय नुसता एकूण आकडा कळवला असेल तर तेही हरकतीत लिहा.

हे कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर मिळतात: सेवापुस्तकाची प्रत, पथकाचा आक्षेप, २००३ चा मंजुरी आदेश, दोन्ही विकल्प व हमीपत्रं. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. तुमच्या हाती वेळ कमी आहे, तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या.

त्याच वेळी कार्यालय प्रमुखांकडे, म्हणजे बहुधा कार्यकारी अभियंत्यांकडे, लेखी हरकत द्या. आवक क्रमांकाची पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मजकूर साधारण असा: ‘वसुलीपूर्वी मला कारणे दाखवा नोटीस व सुनावणीची संधी दिलेली नाही. मी गट क कर्मचारी असून वर्षाच्या आत निवृत्त होत आहे. कथित जादा प्रदान पाच वर्षांपूर्वीपासूनचे आहे व त्यात माझी कोणतीही दिशाभूल नाही. सबब वसुलीचा आदेश रद्द करावा. वेतननिश्चितीबाबतची माझी हरकत स्वतंत्र आहे. दरम्यान माझे निवृत्तिवेतन प्रकरण, माझे हक्क अबाधित ठेवून, निर्विवाद वेतनावर महालेखापाल, नागपूर यांच्याकडे पाठवावे.’ (विदर्भ, मराठवाड्यातली प्रकरणं नागपूरला जातात, तुमचं कार्यालय इतरत्र असेल तर मुंबई लिहा.)

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत उपयोगी आहे. वाद वसुलीचा असो की २००३ च्या लाभाचा, ज्या कमी वेतनाबद्दल कोणाचाच वाद नाही, त्यावर पेन्शन वेळेत सुरू होऊ शकतं आणि निकालानंतर सुधारता येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधील नियम १३४-अ जादा रकमेच्या वसुलीचा आहे. पण त्यातही बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते.

पंधरा दिवसांत दाद लागली नाही, किंवा वसुलीचा पक्का आदेश हातात पडला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) मूळ अर्ज दाखल करा आणि वसुलीला अंतरिम स्थगिती मागा. मुदत आदेशापासून एक वर्षाची आहे. पण उपदान एकदा वळतं झालं की स्थगितीऐवजी परताव्यासाठी लढावं लागतं, म्हणून निवृत्तीच्या आधी जा. विनंती दोन्ही गोष्टींची हवी: वसुली रद्द करावी, आणि वेतननिश्चितीचा बदलही रद्द करावा. (जिल्हा परिषदेतल्या वाचकांनी मॅटकडे जाऊ नये. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयातली रिट याचिका हा मार्ग आहे.)

राहिला विम्याचा प्रश्न, आणि तो न्यायालयाच्या तारखांवर टांगून ठेवू नका. तुमचा भविष्य निर्वाह निधी या वसुलीपासून सुरक्षित आहे: १९२५ च्या भविष्य निर्वाह निधी अधिनियमाचं कलम ३ त्याला जप्ती लागू देत नाही. हप्त्याची तजवीज त्यातून करा, उपदानावर अवलंबून राहू नका. सेवेत असताना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, निवृत्तीनंतर तशी मिळत नाही. म्हणून पॉलिसी आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) ठेवू शकते, आणि तो पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून मोजला जातो. आज घेतलीत तर त्यातले पाच महिने तुमच्या सेवेतच सरतील. मधुमेह, औषधं, शेवटचा साखरेचा अहवाल, सगळं अर्जात लिहा. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तरी लिहा; लपवलेला आजार दावा नाकारायला पहिलं कारण ठरतो. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी लागत नाही, तेव्हा जुनं कोटेशन असेल तर नवीन मागवा. आणि प्रतिपूर्तीची प्रलंबित देयकं निवृत्तीच्या आधी सादर करून त्यांचीही पोहोच घ्या.