चर्चमधलं 'तारण' अन् बाजार समितीतलं तारण

ताईंनी विचारलंय की बाजूच्या गावी चर्चच्या भिंतीवर 'सर्वांसाठी तारण' लिहिलेलं हाये, तर हे सोनं तारणवालं तारण का, सर्वांसाठी म्हणजे सगळेच तरले का, अन् तिथं लोक उभे राहून 'साक्ष' देतात ती कसली.

शब्द तोच, तारणे वरूनच. 'देव तारी त्याला कोण मारी' मधला, किंवा आपल्याकडे म्हणतेत ना, कपाशी गेली पण तुरीनं तारलं, तो. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून 75 टक्क्यांपर्यंत उचल घेतो त्यालेही तारणच म्हणतो, मले वाटते कर्ज बुडू देत नाही म्हणून ते तारण. फरक क्रियापदात हाये, बँकेत तारण ठेवतेत, चर्चमधे तारण होते किंवा मिळते.

पण गंमत पहा, ख्रिस्ती अर्थ बँकेच्या बरोबर उलटा हाये. तो खरा बसते 'गहाण सोडवणे' ले. माणूस पापात गहाण पडला, स्वतः सोडवू शकत नव्हता, येशूनं वधस्तंभावर मोल भरलं, असा तो विश्वास. मराठी बायबलात याले 'खंडणी' हाही शब्द हाये, पण आता पेपरात खंडणी म्हटलं की गुंडच डोळ्यापुढे येते. 'उद्धार' म्हणावं तर आपल्याकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार होते 😄 अन् मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आला, तो हिशोबच वेगळा. म्हणून तारणच बरं.

आता 'सर्वांसाठी'. इथं 'साठी' का 'चं' एवढ्यावर ख्रिस्ती लोकं शेकडो वर्षं भांडले. सर्वांसाठी म्हणजे मोल सगळ्यांचं भरलं, दार उघडं, जात-धर्म-पैसा आडवा येत नाही, पण विश्वास ठेवून आत यावं लागते. 'सर्वांचं तारण' म्हटलं तर शेवटी सगळेच तरतील असा अर्थ होते, तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताची आशा तशी होती पण चर्चनं पुढं ते शिकवण म्हणून मानलं नाही. उलट बाजूनं 1618-19 मधे हॉलंडातल्या डॉर्टच्या चर्चसभेत कॅल्विन या धर्मसुधारकाले मानणाऱ्यांनी तारण फक्त निवडलेल्यांचंच असं ठरवलं, तर पुढं मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली म्हणे नाही, ख्रिस्त सर्वांसाठी मेला. बायबलात प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याले, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात 'सर्वांसाठी'च हाये, म्हणजे भिंत रंगवणाऱ्यानं शब्द नीट निवडला.

साक्ष म्हणजे कोर्टातलीच, पाहिलं-भोगलं ते लोकांपुढं सांगायचं. ग्रीकमधे साक्षीदाराला जो शब्द हाये, 'मार्टिस', त्यालेच पुढं हुतात्मा हा अर्थ आला, कारण सांगणारे मारले जात होते. अन् बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये पुस्तकात चौथ्या अध्यायात साक्ष देणाऱ्या पेत्र-योहान या येशूच्या शिष्यांचं जे 'धैर्य' येते त्याचा मूळ ग्रीक अर्थ मोकळेपणानं सगळं बोलणं, आपल्या भाषेत बिनधास्त. छाती फुगवणं नाही त्यात, अन् दुसऱ्यावर लादणंही नाही. आपले कवी ना. वा. टिळक घ्या, त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, मिळाला तो नागपूर-राजनांदगावकडच्या रेल्वे प्रवासात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून, अन् बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला 1895 मधे मुंबईला. देणाऱ्यानं पुस्तक दिलं, पुढचा विचार टिळकांनी स्वतः केला.

लिहिताना 'साक्ष दिली' लिहा ताई, 'साक्ष केली' नको.